इलेक्ट्रोलिसिसने नको असलेले केस कायमचे जातात का? सुरुवात करण्याआधी माहीत असावं असं सगळं

हो, जातात. इलेक्ट्रोलिसिस म्हणजे बारीक सुईने केसाच्या मुळाशी विद्युतप्रवाह देऊन ते मूळ निकामी करणं. फक्त 'कायमचे' हा शब्द एकेका केसापुरता खरा आहे. सुई ज्या मुळाशी नीट पोचली आणि ज्या मुळाला पुरेसा विद्युतप्रवाह मिळाला, तिथून पुन्हा केस उगवत नाही. शेजारचं मूळ, ज्याला अजून कुणी हातच लावलेला नाही, ते मात्र जसंच्या तसं असतं. हनुवटी किंवा वरचा ओठ पूर्ण मोकळा व्हायचा तर हे काम एकेक केस करत पुरं करावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. ज्यांना हे आधी कुणी सांगत नाही, ते चौथ्या-पाचव्या सिटिंगला 'केस परत आले' म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा ते केस परत आलेले नसतातच. ते का, हे पुढे सविस्तर येईल.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस विजेच्या सुईने कायमचे काढले आणि १८७५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. आजही अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सुईने केलेल्या इलेक्ट्रोलिसिसला 'कायमचे केस काढणं' म्हणतं, तर लेझरच्या यंत्रांना 'केसांची कायमस्वरूपी घट' एवढाच दावा करता येतो. केसाचा आणि त्वचेचा रंग कुठलाही असला तरी सुईला फरक पडत नाही. पिकलेले, पांढरे, सोनेरी, तांबूस केस लेझरला दाद देत नाहीत, कारण लेझरला केसातला काळा रंग लागतो. अशा केसांसाठी सुई हाच मार्ग आहे.

सुईच्या टोकाशी नेमकं काय होतं

केस त्वचेतल्या एका अरुंद नळीत वाढतो. तिला रोमकूप म्हणतात. राठ केसाचा रोमकूप साधारण २ ते ५ मिलिमीटर खोल असतो. त्याच्या तळाशी केसाला रक्त पुरवणारा भाग असतो. वरच्या बाजूला, अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू जिथे जोडलेला असतो, तिथे एक फुगवटा असतो आणि त्यात मूळ पेशी असतात. या पेशी शाबूत राहिल्या तर रोमकूप स्वतःला पुन्हा उभा करतो. वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा यांनी नुसता केस उपटला जातो, ही यंत्रणा जागेवरच राहते. इलेक्ट्रोलिसिसला तळ आणि फुगवटा दोन्ही निकामी करावे लागतात.

त्यासाठी केसाइतकीच बारीक सुई (तिला प्रोबही म्हणतात) केसाच्या बाजूने रोमकूपात सरकवतात. सुई त्वचेला भोक पाडत नाही, असलेल्या वाटेनेच आत जाते. मग प्रवाह सोडतात. तो तीन प्रकारे देता येतो.

गॅल्व्हॅनिक ही सर्वांत जुनी पद्धत. यात एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो. सुई ऋण टोकाला जोडलेली असते आणि धन टोकाची धातूची दांडी ओल्या स्पंजात गुंडाळून तुमच्या हातात दिलेली असते. रोमकूपातलं मीठ आणि पाणी यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार होतो आणि तो मुळाच्या पेशी विरघळवतो. त्याचं माप ठरलेलं आहे: एक दशांश मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद दिला की एक एकक. राठ केसाला साधारण ४५ एककं धरली आणि प्रवाह अर्धा मिलिअँपिअर ठेवला, तर ९ सेकंद लागतील. प्रवाह निम्मा केला तर वेळ दुप्पट. पद्धत संथ आहे, पण कॉस्टिक सोडा द्रवरूपात असल्यामुळे वाकड्या रोमकूपातही झिरपतो.

थर्मोलिसिसमध्ये रसायन नसतं, उष्णता असते. उच्च वारंवारतेचा प्रवाह (बहुतेक यंत्रांत १३.५६ किंवा २७.१२ मेगाहर्ट्झ) सुईभोवतीच्या ओलसर पेशींना तापवतो. सुई स्वतः गरम होत नाही. एका केसाला सेकंदाच्या काही भागापासून काही सेकंदांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे काम भराभर होतं. मात्र उष्णता सुईच्या टोकाभोवतीच राहते. रोमकूप वाकडा असेल आणि टोक मुळापर्यंत पोचलं नसेल, तर मूळ वाचतं.

ब्लेंडमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र देतात. उष्णतेमुळे कॉस्टिक सोडा जास्त वेगाने काम करतो. वेळ थर्मोलिसिसपेक्षा जास्त, गॅल्व्हॅनिकपेक्षा कमी. वर्षानुवर्षं थ्रेडिंग-वॅक्सिंग झालेल्या, मुळं वाकलेल्या राठ केसांना ही पद्धत चांगली लागू पडते.

कुठली पद्धत उत्तम यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तिन्हींनी केस कायमचा जातो. सुई धरणारा हात कुशल आहे की नाही, हा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे.

वेळ का लागतो

प्रत्येक केस आपल्या चक्राने चालतो: आधी वाढ, मग थोडा काळ आखडणं, मग विश्रांती. वाढीच्या काळात केस मुळाला घट्ट जोडलेला असतो आणि मूळ ओलसर असतं. तेव्हा दिलेला प्रवाह अचूक लागतो. विश्रांतीतल्या केसाचा खालचा भाग आकसलेला असतो. शिवाय कुठल्याही दिवशी बरेच रोमकूप रिकामे असतात आणि त्यांतून वर काहीच दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर सुई चालवता येत नाही. म्हणून एका जागेचं काम एका बैठकीत कधीच संपत नाही. पायांवर तर बहुतेक केस कुठल्याही वेळी विश्रांतीतच असतात, त्यामुळे तिथे धीर जास्त लागतो.

पायरी पहिली: केस का आले ते तपासा

ही पायरी गाळू नका. ओठावर चार केस असतील तर प्रश्न नाही. पण स्त्रीच्या हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर, बेंबीखाली राठ केस येत असतील, पाळी अनियमित असेल, मुरमं किंवा डोक्यावरचे केस विरळ होत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना आधी भेटा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनांचा बिघाड, हे सर्वांत नेहमीचं कारण. डॉक्टर साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडच्या तपासण्या सांगतात.

केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले आणि सोबत आवाज घोगरा झाला, स्नायू पुरुषी दिसू लागले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. क्वचित त्यामागे अंडाशयाची किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीची गाठ असते.

इलेक्ट्रोलिसिसशी याचा संबंध असा: पुरुषी हार्मोनांचा परिणाम चालू राहिला, तर आज जिथे नुसती लव आहे तिथले रोमकूप पुढे राठ केस देऊ लागतात. सुईने मारलेलं मूळ मेलेलंच असतं, पण नवी भरती होत राहते. डॉक्टर यावर गर्भनिरोधक गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनांचा परिणाम रोखणारं औषध) किंवा केसांची वाढ मंदावणारं एफ्लोर्निथिनचं मलम देऊ शकतात. औषधाचा केसांवरचा परिणाम दिसायला किमान सहा महिने धरा. स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाही, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. औषध आणि सुई एकाच वेळी चालू ठेवता येतात आणि ठेवावीत. औषध नवे राठ केस रोखतं, सुई आहेत ते संपवते.

कोणी थांबावं, कोणी डॉक्टरांना विचारावं

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय करू नका. गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञांना विचारा. पोटावर आणि स्तनांवर त्या काळात टाळलेलंच बरं. जखमेवर उंच वळ उठण्याची, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती, ताबा नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, फिट येणं, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यांतलं काहीही असेल तर आधी सांगा. ओठावर नागीण (हर्पिसचे पाणीदार फोड) उठत असेल तर ती पूर्ण बरी झाल्यावर या. सारखी उठत असेल तर सिटिंगआधी घ्यायच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. तिळातून उगवलेला केस त्वचारोगतज्ज्ञांनी तीळ पाहून निर्धोक म्हटल्यावरच काढायचा. नाकाच्या आत आणि कानाच्या भोकात हे करत नाहीत. पापणीचे केस फक्त नेत्रतज्ज्ञ काढतात.

पायरी दुसरी: माणूस पारखून घ्या

बऱ्याच ठिकाणी या कामाला परवाना लागत नाही, म्हणून पारख तुम्हालाच करायची आहे. पैसे भरण्याआधी समोर बसून विचारा: कुठल्या पद्धतीने करता, शिक्षण कुठे झालं, किती वर्षं करता, माझ्यासारख्या त्वचेवर केलेलं काम दाखवाल का. सुई एकदा वापरून टाकून द्यायची असते. बंद पाकीट तुमच्या समोर फोडलं पाहिजे. चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक केलेले हवेत. हातात नवे हातमोजे हवेत. भिंग आणि प्रखर दिवा नसेल तर तिथून उठा. डोळ्यांनी अंदाजाने रोमकूपाचं तोंड सापडत नाही.

सुईच्या मापाबद्दलही विचारा. सुया २ ते ६ नंबरच्या येतात. नंबर म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ३ नंबरची सुई सुमारे ०.०८ मिलिमीटर जाड. सुई केसाच्या जाडीची असावी. राठ केसाला फार बारीक सुई घेतली तर उष्णता एका बिंदूत एकवटते, दुखतं जास्त आणि मूळ पूर्ण जात नाही. लवेला जाड सुई घातली तर ती रोमकूपात शिरतच नाही. 'सगळ्यांना एकच सुई वापरतो' हे उत्तर मिळालं तर समजून घ्या.

'पाच सिटिंगमध्ये हमखास' असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मोठं पॅकेज लगेच घेऊ नका. आधी १५ मिनिटांची एक सिटिंग, जबड्याखाली किंवा सहज न दिसणाऱ्या जागी करून घ्या आणि त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत थांबा. काळसर डाग पडतो का, खपली किती दिवस टिकते, हे त्यातून कळतं.

पायरी तिसरी: पहिल्या सिटिंगची तयारी

आजपासून त्या जागेवर थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा, एपिलेटर बंद. उपटलेल्या जागी पकडायला केसच उरत नाही, आणि तो पुन्हा वर यायला कित्येक आठवडे जातात. मधल्या काळात दाढीचं ब्लेड किंवा कात्री खुशाल वापरा. ब्लेड फिरवल्याने केस राठ होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे ते हाताला खरखरीत लागतं, एवढंच. चेहऱ्यावर ब्लेड फिरवायची कल्पना कितीतरी जणींना नकोशी वाटते, हे आम्हाला माहीत आहे. पण उपटणं थांबवल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

सिटिंगच्या वेळी केस चिमट्यात धरता येईल इतका, म्हणजे २ ते ३ मिलिमीटर हवा. चेहऱ्यावरचा केस दिवसाला साधारण ०.३ मिलिमीटर वाढतो, म्हणजे शेवटचं ब्लेड सुमारे आठवडाभर आधी. अनुभवी हात दोन-तीन दिवसांच्या खुंटांवरही काम करतात, आणि त्याचा फायदा असा की ब्लेडनंतर लगेच वर आलेले केस हे वाढीच्या काळातलेच असतात. तुमच्या इलेक्ट्रॉलॉजिस्टला, म्हणजे हे काम करणाऱ्या व्यक्तीला, कुठली लांबी जमते ते विचारून ठरवा.

दोन-तीन दिवस आधीपासून पाणी भरपूर प्या आणि साधं मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेत गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडचा प्रवाह नीट काम करत नाही. रेटिनॉलची क्रीम, आम्लाची सीरम, स्क्रब, ब्लीच चार-पाच दिवस आधी थांबवा. उन्हाने त्वचा रापलेली किंवा सोललेली असेल तर तारीख पुढे ढकला. त्या दिवशी मेकअप नको. उपाशीपोटी जाऊ नका. कडक चहा-कॉफीने काहींना वेदना जास्त जाणवतात, म्हणून ती नंतर घ्या. पाळीच्या आसपास दुखणं वाढतं असा अनेकींचा अनुभव आहे. शक्य असेल तर त्या दिवसांत वेळ घेऊ नका.

बधिर करणारं मलम चालतं. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं मलम सिटिंगच्या सुमारे तासभर आधी जाडसर लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवतात, आणि काम सुरू होण्याआधी पूर्ण पुसून काढतात. ते फक्त ठरलेल्या छोट्या जागेवर लावायचं. पूर्ण पाय किंवा पाठ भरून प्लास्टिकखाली झाकून ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण औषध रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात आणि झटके येऊ शकतात. प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पायरी चौथी: सिटिंग चालू असताना काय पाहायचं

इथे थोडं थांबू, कारण काम नीट होतंय की नाही हे याच वेळी कळतं आणि नव्या माणसाला ते कुणी शिकवत नाही.

सुई आत जाताना जवळजवळ काहीच जाणवत नाही. टोचल्यासारखं झालं किंवा रक्ताचा ठिपका आला, तर सुई रोमकूपाची वाट सोडून भिंतीत घुसली. एखाद्या वेळी असं होतं. प्रत्येक केसाला होत असेल तर हात चुकतोय. मग प्रवाह येतो. थर्मोलिसिसमध्ये क्षणभर चटका, ब्लेंड आणि गॅल्व्हॅनिकमध्ये हळूहळू चढत जाणारी चुणचुण. ओठाचा मधला भाग, नाकाखालची जागा सर्वांत दुखरी. डोळ्यांत आपोआप पाणी येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग चिमट्याने केस धरून उचलतात. खरी परीक्षा हीच. मूळ सुटलं असेल तर केस लोण्यातून काढावा तसा अलगद निघतो, उपटल्याची जाणीव अजिबात होत नाही. केसाच्या टोकाला बहुतेकदा ओलसर, पांढरट-पारदर्शक आवरण दिसतं. ओढल्याची, खेचल्याची, थ्रेडिंगसारखी कळ आली तर तो केस नुसता उपटला गेला आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसेल. असं दोन-तीनदा झालं की लगेच सांगा: 'हा ओढल्यासारखा लागला.' चांगला इलेक्ट्रॉलॉजिस्ट प्रवाह, वेळ किंवा सुईची खोली बदलतो. रागावणारा चांगला नसतो.

तसंच, त्वचेच्या पृष्ठभागावर पांढरा ठिपका पडला किंवा जळल्याचा वास आला, तर सुई उथळ असताना प्रवाह सुटला. हे लगेच थांबवायला हवं. खड्डे याच चुकीतून पडतात. वरच्या ओठासारख्या लहान जागी पहिल्या बैठकीत लागून असलेले सगळे केस एका दमात काढायचे नसतात. एक सोडून एक काढतात, म्हणजे शेजारच्या दोन मुळांची उष्णता एकत्र येऊन त्वचा भाजत नाही. लवकर संपवण्याच्या नादात 'सगळे आजच काढा' असा आग्रह धरू नका.

आणखी एक धोका गॅल्व्हॅनिक आणि ब्लेंडमध्ये असतो: तारा उलट्या जोडल्या आणि सुई धन टोकाला गेली, तर स्टीलच्या सुईतल्या लोखंडाचे कण त्वचेत उतरून गोंदणासारखा काळा ठिपका राहू शकतो. कसलेल्या हाताकडून असं होत नाही, पण पहिल्या दोन-चार केसांनंतर काळा ठिपका दिसला तर काम थांबवायला सांगा.

पायरी पाचवी: पहिले दोन आठवडे

सिटिंगनंतर लाली आणि सूज येणारच. चेहऱ्यावर ती काही तासांत ते दिवसभरात उतरते. स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून पाच-पाच मिनिटं टेकवा, बर्फ थेट लावू नका. पहिले २४ तास मेकअप नाही, घाम येईल असा व्यायाम नाही, पोहणं नाही, वाफ नाही. तोंडाला हात लावायची सवय असेल तर या दिवसांत आवरा. उशीचा अभ्रा त्या रात्री धुतलेला घ्या. साधा कोरफडीचा गर किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम पुरतं. सुगंधी क्रीम नको.

दोन-तीन दिवसांत टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात. चेहऱ्यावर त्या आठवडाभरात गळून जातात, अंगावर आणि पायांवर बराच जास्त काळ टिकतात. खपली नखाने काढायची नाही. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर तर हा नियम काटेकोर पाळा, कारण तिथे काढलेल्या खपलीच्या जागी काळसर डाग पडतो आणि तो जायला महिने लागतात. पुढच्या सिटिंगपर्यंत ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन रोज, घरात उजेडाजवळ बसत असाल तरी.

पिवळा पू, वाढत जाणारं दुखणं, ताप, पसरणारी लाली दिसली तर इलेक्ट्रॉलॉजिस्टला फोन करून वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

केस परत आला, की नवा दिसला?

सिटिंगनंतर आठ-दहा दिवसांनी त्याच भागात केस दिसले, तर ते मारलेल्या मुळातून आलेले नसतात. मूळ अर्धवट वाचलं असतं तरी त्याला केस तयार करून पृष्ठभागावर आणायला एवढ्या थोड्या दिवसांत जमत नाही. हे शेजारच्या रोमकूपातले केस. त्या दिवशी ते त्वचेखाली होते किंवा नुकतेच वाढीला लागले होते. एकाच छिद्रातून दोन केस येणंही नेहमीचं आहे.

खरा परतलेला केस साधारणपणे दीड-दोन महिन्यांनी किंवा त्यानंतर दिसतो आणि बहुधा आधीपेक्षा बारीक असतो, कारण मूळ जखमी झालेलं असतं. त्याला पुन्हा प्रवाह दिला की तो जातो. असे थोडे परतणं प्रत्येकाच्या बाबतीत होतं. सहा महिन्यांनीही तेवढेच, तितकेच राठ केस तितक्याच घट्ट दिसत असतील, तर दोनच शक्यता: प्रवाह पुरेसा दिला जात नाही, किंवा हार्मोनांचं कारण तसंच चालू आहे. पहिल्यासाठी इलेक्ट्रॉलॉजिस्ट बदला, दुसऱ्यासाठी डॉक्टरांकडे परत जा.

मोजमाप हवं असेल तर दर महिन्याला एकाच दिव्याखाली, एकाच कोनातून, ब्लेडनंतर ठरावीक दिवसांनी फोटो काढा. 'किती केस आहेत' यापेक्षा 'एका सिटिंगला किती मिनिटं लागली' हा आकडा जास्त खरं सांगतो. तो लिहून ठेवा.

किती काळ, किती सिटिंग

पहिले दोन-तीन महिने आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, केसांच्या संख्येप्रमाणे १५ मिनिटं ते एक तास. जागा एकदा पूर्ण साफ झाली की तीन-चार आठवड्यांनी, मग सहा-आठ आठवड्यांनी. चेहऱ्यासाठी एक ते दोन वर्षं हा प्रामाणिक अंदाज. मिनिटाला पाच केस निघतात असं धरलं तर १५ मिनिटांत ७५ होतात. हनुवटीचं काम यात बसतं, पूर्ण दाढीचं नाही. पुरुषी दाढी पूर्ण घालवायला, ट्रान्स स्त्रियांना लागते तशी, शंभर तासांच्या पुढे सहज जातं. जननेंद्रियावरच्या शस्त्रक्रियेआधी त्या भागाचे केस काढायचे असतील तर शस्त्रक्रियेच्या तारखेआधी किमान एक वर्ष हाताशी ठेवा आणि कुठली जागा मोकळी हवी ते शल्यविशारदांकडून आखून घ्या.

सिटिंग चुकवू नका. तीन महिने खंड पडला की वाढीच्या काळातले केस हातचे जातात आणि पुन्हा त्यांची वाट पाहावी लागते. पैशांची अडचण असेल तर लांबलचक सिटिंगपेक्षा छोट्या, पण ठरलेल्या वेळी घ्या.

लेझर आधी की सुई आधी

पाय, काखा, पाठ अशी मोठी जागा आणि केस काळे, जाड असतील तर आधी लेझरने गर्दी कमी करून उरलेले सुईने संपवणं शहाणपणाचं. चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर मात्र लेझर मारू नका. हार्मोनांचा त्रास असलेल्या, सावळ्या त्वचेच्या काही स्त्रियांना गालावर, जबड्याखाली लेझरनंतर उलट जास्त आणि राठ केस आलेले दिसतात. हा ज्ञात दुष्परिणाम आहे. सुईने असं होत नाही. लेझर चालू असताना त्याच भागात सुई नको, मध्ये काही आठवडे सोडा.

घरी करायची यंत्रं

सुई नसलेली यंत्रं, म्हणजे चिमट्याने केस धरून त्यातून वीज सोडणारी किंवा कापसाच्या बोळ्याने त्वचेवरून प्रवाह देणारी, कायमचे केस काढतात याला पुरावा नाही. केस विजेचा चांगला वाहक नाही, त्यामुळे प्रवाह मुळापर्यंत पोचतच नाही. घरगुती सुईची यंत्रं तत्त्वतः गॅल्व्हॅनिकच आहेत, पण आरशात बघून आपल्याच ओठावरच्या केसाशेजारी एका मिलिमीटरच्या दशांशाहून बारीक सुई सरळ कोनात घालणं जवळजवळ अशक्य असतं. उथळ सुई, भाजलेली त्वचा आणि कायमचा खड्डा, असा त्याचा शेवट होतो. चेहऱ्यावर तरी तो धोका पत्करू नका.

शेवटचा टप्पा

वर्ष-दीड वर्षाने सिटिंगला पाच मिनिटंही पुरतात. इथे लोक जाणं बंद करतात, आणि उरलेले पंधरा-वीस केस चिमट्याने उपटू लागतात. हा टप्पा पूर्ण करा. दोन महिन्यांनी एकदा, तीन-चार वेळा जाऊन दिसतील तेवढे केस काढून घ्या, आणि मध्ये फक्त ब्लेड वापरा. गरोदरपण, रजोनिवृत्ती, हार्मोनचं औषध बदलणं अशा काळात एखाद-दोन नवे राठ केस आले, तर चार-पाच असतानाच जा. इलेक्ट्रॉलॉजिस्टकडे तुमची जुनी नोंद असेल, त्यात सुईचा नंबर, पद्धत आणि प्रवाह लिहिलेले असतात. ती नोंद मागून एक प्रत स्वतःकडे ठेवा. दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या व्यक्तीकडे जावं लागलं तरी त्याच आकड्यांवरून काम सुरू करता येतं.